20 तारखेचा टोमॅटो

मी घरी बसून लोकांचे जीएसटीचे हिशेब करतो. आईच्या मते यातलं ‘घरी बसून’ एवढंच खरं. त्यामुळे दूधवाला, घंटागाडी, सिलिंडर आणि शेजारच्यांचं कुरिअर, सगळ्यांना दार उघडायला मी. उरलेला वेळ मी माझा मीच घालवतो. त्याला कुणाची मदत लागत नाही.

20 एप्रिल. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांसाठी ‘थ्री-बी’चा, म्हणजे जीएसटीच्या मासिक रिटर्नचा शेवटचा दिवस. चुकला की दिवसाला 50 रुपये लेट फी. एका हार्डवेअरवाल्या शेठचं तेवढं राहिलं होतं. शेठ बिलं व्हॉट्सॲपवर पाठवतात, तीही आडवी आणि वर अंगठ्यासकट. बिल बघायला म्हणून फोन हातात घ्यायचो आणि अर्ध्या तासाने भानावर यायचो, तेव्हा समोर कुणाच्या तरी बारशाचे फोटो.

भाचा म्हणाला, “मामा, पोमोदोरो कर.” फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याचं 1980 च्या दशकाच्या अखेरीस अभ्यासात लक्ष लागेना. त्याने स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर पुढ्यात ठेवला. पुढे त्याचीच पद्धत झाली: 25 मिनिटं काम, 5 मिनिटं सुट्टी. पोमोदोरो म्हणजे टोमॅटो.

आतून आईने फक्त शेवटचा शब्द ऐकला. “आणणार असशील तर अर्धा किलोच आण. मागचे मऊ निघाले.”

आमचा टायमर फोनमध्ये, आणि फोन तर लांब ठेवायचा. शेवटी तो तांदळाच्या डब्यात पुरला. वेळ मोजायला कुकर होताच. आई वरण-भात लावून गच्चीवर कुरडया बघायला निघाली. “तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर. विसरशील!”

बसलो. खरेदीची बिलं आणि पोर्टलवरचं टू-बी (माल विकणाऱ्यांनी भरलेल्या कराची यादी) यांत 18 रुपयांचा फरक येत होता. रस्त्यात 18 रुपये पडले तर मी वाकणार नाही कदाचित. पण हिशेबातला फरक म्हणजे दातात अडकलेली बडीशेप. कधी नव्हे ती समाधी लागली. भंगारवाला येऊन गेला, कळलं नाही. खालच्यांचं ड्रिलिंगही ऐकू आलं नाही. (त्यांचं बाथरूम दिवाळीपासून चालू आहे.) आणि सापडला! शेठच्या अंगठ्याखाली 100 रुपये हमाली दडली होती, तिच्यावरचा 18 टक्के कर.

“सापडला!” मी ओरडलो.

“वास नाही सापडला तो?” मागे आई उभी.

वरणाचा कोळसा झाला होता. शिट्ट्या अकरा झाल्या, हे शेजारच्या काकूंनी सांगितलं. “आज हरभरे का?” एवढं विचारायला त्या मुद्दाम आल्या होत्या.

आता फक्त ओटीपी. तो जातो शेठच्या मोबाईलवर. तांदळातून फोन उपसला, चार्जिंगच्या भोकातली कणी टाचणीने काढली आणि लावला. नुसता वाजतोय. मग दुकानाच्या लँडलाईनवर पोऱ्याने उचलला.

“शेठचा फोन गल्ल्यात आहे, कुलपात. धंद्यात लक्ष लागत नाही म्हणून कालपासून तिथेच ठेवतात.”

“मग काढ की बाबा!”

“किल्ली घेऊन शेठ लग्नाला गेलेत. नाशिकला.”