‘दोन वर्षं डिप्लोमा, मग पीआर पक्का’: हा हिशेब २०२१ चा आहे

सोलापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचं सार असं: मुलाला कॅनडात दोन वर्षांच्या कुठल्याही डिप्लोमाला घाला, पुढे तीन वर्षांचं वर्क परमिट आपोआप मिळतं. एक वर्ष काहीही काम केलं की पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना. पीआरच्या निवडीत गुण कमी पडलेच तर जॉब लेटरचे ५० गुण आहेतच. फी शिकता शिकता निघते आणि लग्न झालेलं असेल तर जोडीदारही सोबत जातो. खाली ‘शंभर टक्के खात्री’ आणि एक मोबाइल नंबर.

यात धादांत खोटं म्हणावं असं फार थोडं आहे. बहुतेक वाक्यं काही वर्षांपूर्वी पूर्ण किंवा अर्धी खरी होती, म्हणून तर ती पटतात. ‘अमक्याचा मुलगा असाच गेला ना’ हे उदाहरणही आपल्या ओळखीत निघतंच. तो कोणत्या साली गेला, एवढं मात्र कुणी विचारत नाही.

‘कुठलाही डिप्लोमा’ इथेच गाडी अडते. १ नोव्हेंबर २०२४ पासून ज्यांनी स्टडी परमिटचा अर्ज केला, त्यांचा अभ्यासक्रम पदवीचा नसेल तर पुढच्या वर्क परमिटसाठी त्याचा विषय सरकारच्या यादीत असावा लागतो. शेती, आरोग्य, विज्ञान-तंत्रज्ञान, कुशल कारागिरी, वाहतूक अशा क्षेत्रांची ती यादी आहे आणि ती मधूनमधून बदलते. जनरल बिझनेस, हॉटेल मॅनेजमेंट हे आपल्याकडे सर्रास विकले जाणारे कोर्स तिच्यात नाहीत. बॅचलर, मास्टर्स, पीएचडी करणाऱ्यांना विषयाची ही अट नाही. मास्टर्स दोन वर्षांपेक्षा कमी मुदतीचं असलं तरी फेब्रुवारी २०२४ पासून त्यावर तीन वर्षांचं परमिट मिळू शकतं. म्हणजे बी.ई. सिव्हिल झालेल्या मुलाला ‘ग्लोबल बिझनेस’च्या डिप्लोमाला घालायचं, हा सल्ला उलटा आहे. तो दिला जातो, कारण तिथे प्रवेश चटकन होतो आणि प्रवेश झाला की एजंटाचं कमिशन मोकळं होतं. सरकारी कॉलेजचा अभ्यासक्रम खासगी संस्थेत शिकवायचा, अशी जी भागीदारीची कॉलेजं होती, तिथे १५ मे २०२४ नंतर प्रवेश घेतलेल्यांना तर हे वर्क परमिटच नाही. आणि हे परमिट आयुष्यात एकदाच मिळतं. चुकीच्या कोर्सवर ते खर्ची पडलं की दुसऱ्या कोर्सवर पुन्हा मागता येत नाही.

आता ‘एक वर्ष काहीही काम’. पदवीधर मुलं ज्या रस्त्याने जातात त्या कॅनेडियन एक्स्पिरियन्स क्लासला (कॅनडातल्या कामाच्या अनुभवावर पीआर देणाऱ्या वर्गाला) एक वर्षाचा कुशल कामाचा अनुभव लागतो, तोही ठरावीक वर्गवारीतला. दुकानातला सेल्समन, कॅशियर, गोदामातला हमाल, कुरिअर पोचवणारा यांचं काम त्यात धरत नाहीत. स्वयंपाकी धरतात, काउंटरवर खाणं देणारा धरत नाहीत. पूर्णवेळ शिकत असताना केलेलं काम तर कसलंही असो, शून्य.

समजा अनुभव योग्य मिळाला. तरी तो फक्त रांगेत उभं राहण्यापुरता. पुढे गुणांची चाळणी आहे. मजकुरातला मुलगा घेऊ आणि गणित मांडू. वय २४, अविवाहित, इथली पदवी आणि तिथला दोन वर्षांचा डिप्लोमा, एक वर्ष कुशल नोकरी, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत चारही भागांत सहा. वयाचे ११०, शिक्षणाचे १२८, इंग्रजीचे ६८, नोकरीचे ४०, शिक्षणाला भाषा आणि अनुभवाची जोड मिळाल्याचे ५० आणि तिथे शिकल्याचे १५. एकूण ४११. इंग्रजी सुधारलं, म्हणजे ऐकण्यात आठ आणि बाकी तिन्हींत सात आले, तर ४९२. २०२५ मध्ये या वर्गाच्या सोडतींचा, म्हणजे जास्त गुणवाल्यांना बोलावणं पाठवण्याच्या फेऱ्यांचा, कटऑफ ५०० च्या खाली उतरला नाही. तेच चांगलं इंग्रजी ठेवून नोकरीचं दुसरं वर्ष पूर्ण केलं तर ५३० होतात, आणि त्या वर्षीच्या काही सोडतींना तेवढे पुरले असते, काहींना नाही. ‘पक्का’ शब्द यात कुठे बसवायचा? एखाद्या प्रांताचं नामांकन मिळालं तर ६०० गुण वाढतात किंवा फ्रेंच येत असेल तर वेगळ्या सोडतीत कटऑफ बराच खाली असतो. हे दोन्ही मार्ग खरे आहेत, पण मजकुरात त्यांचा उल्लेखही नाही. प्रवेशाला दिलेली अकॅडेमिक आयईएलटीएस पीआरच्या अर्जाला चालत नाही, जनरल ट्रेनिंगची वेगळी परीक्षा द्यावी लागते, हेही नाही.

मग ही ‘खात्री’ आली कुठून? कोविडच्या काळात सीमा बंद होत्या आणि माणसं तर हवी होती. १३ फेब्रुवारी २०२१ ला कॅनडाने याच वर्गाचा कटऑफ ७५ वर आणून २७,३३२ जणांना एकदम बोलावलं. त्याच वर्षी मे महिन्यात तिथल्या पदवीधर विद्यार्थ्यांसाठी ४०,००० जागांची खास योजना उघडली आणि ती साधारण एका दिवसात भरली. त्या लाटेत ज्यांचं काम झालं त्यांचे फोटो अजून जाहिरातीत आहेत. पण २०२४ पासून सरकारने विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली आणि पीआरचं वार्षिक उद्दिष्टही कमी केलं: २०२५ साठी ३,९५,०००, २०२६ साठी ३,८०,०००.

जॉब लेटरचे गुण २५ मार्च २०२५ पासून बंद आहेत. तेव्हा ते लेटर मिळवून देतो म्हणून कुणी लाखात पैसे मागत असेल, तर तुम्ही नक्की काय विकत घेताय ते त्यालाच विचारा.

फीचं म्हणाल तर सत्र चालू असताना आठवड्याला २४ तासच काम करता येतं. ऑक्टोबर २०२५ पासून ओंटारियोत किमान वेतन तासाला १७.६० कॅनेडियन डॉलर आहे. वर्षाचे ५२ आठवडे एकही खाडा न करता काम केलं तरी २१,९६५ डॉलरच्या आसपास. आणि एका विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या राहण्याखाण्याला, फी व प्रवास सोडून, २२,८९५ डॉलर दाखवा असं कॅनडा सरकारच १ सप्टेंबर २०२५ पासून सांगतं. पूर्वी हा आकडा १०,००० होता. सुट्टीत पूर्णवेळ काम करता येतं, त्याने थोडी भर पडेल. पण फी कमाईतून निघते हे काही जमत नाही. ती शेवटी इथूनच जाते. जुळे सोलापुरातला फ्लॅट तारण ठेवून कर्ज काढणाऱ्या घराने हप्त्याचा हिशेब मुलाच्या पार्टटाइमवर मांडू नये, आपल्याच पगारावर किंवा धंद्यावर मांडावा.

जोडीदाराबद्दल थोडक्यात: २१ जानेवारी २०२५ पासून विद्यार्थ्याच्या जोडीदाराला वर्क परमिट मिळतं ते मुख्यतः किमान १६ महिन्यांच्या मास्टर्सवर, पीएचडीवर आणि मोजक्या व्यावसायिक पदव्यांवर. साध्या डिप्लोमावर नाही.

‘कॅनडा बंद झालं, आता जर्मनी’ अशी नवी आवृत्तीही आली आहे. जर्मनीत पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, आणि तिथल्या विद्यापीठाच्या पदवीधराला कुशल नोकरीची दोन वर्षं झाल्यावर कायम वास्तव्य मागता येतं. रस्ता चांगला आहे. त्यासाठी २४ महिने पेन्शनची वर्गणी भरलेली लागते आणि जर्मन भाषा बी-वन, म्हणजे मध्यम पातळीची. ही भाषेची अट मजकुरातून अर्थातच गळली आहे.

सात रस्त्यावरचा सल्लागार असो की पुण्याहून रविवारी सेमिनारला येणारा, कोर्स सुचवला की त्याच्याकडून त्या कोर्सचा सीआयपी कोड, म्हणजे विषयाचा वर्गीकरण क्रमांक, कागदावर घ्या आणि कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावरच्या यादीशी घरी बसून ताडून बघा. पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला द्यायला किंवा अर्ज करायला कॅनडाच्या कायद्यानुसार तिथला वकील, क्वेबेकचा नोटरी किंवा परवानाधारक सल्लागारच लागतो. परवानाधारकांची नावं सार्वजनिक नोंदवहीत नंबरासकट सापडतात. तो नंबर मागा, आणि ‘शंभर टक्के खात्री’ लेटरहेडवर सहीनिशी लिहून द्याल का, तेही विचारा.