रस्ता पाठ असलेल्यांसाठी

गावाकडच्या रस्त्यावर ताशी ६०ची पाटी दिसली तर बिचकू नका. ती तुमच्यासाठी नसते. ती नवख्यांसाठी असते. ज्यांना रस्ता माहीत नाही, ज्यांची गाडी खटारा आहे, ज्यांना आयुष्यात काही कामधंदा नाही, अशांसाठी. तुमचं तसं नाही. तुमचा हा रस्ता पाठ आहे. ‘डोळे मिटून चालवीन’ असं तुम्ही चारचौघांत सांगता, आणि पहाटेच्या सुमाराला कधीकधी खरोखर तशीच चालवताही.

तेव्हा पहिला धडा असा: पाटी लावणारा माणूस भित्रा असतो, हे मनात पक्कं करा. ही भित्र्यांची परंपरा जुनी आहे. १८६५ साली ब्रिटनमध्ये कायदाच झाला की यंत्रावर चालणारी गाडी मोकळ्या रस्त्यावर ताशी ४ मैलांच्या वर न्यायची नाही, वस्तीत २ मैलांच्या वर नाही, आणि गाडीच्या पुढे एक माणूस लाल निशाण घेऊन चालला पाहिजे. म्हणजे त्या काळी पाटी स्वतःच्या पायांनी चालायची. हसून घ्या. चारच वर्षांनी, १८६९मध्ये, आयर्लंडमधल्या पार्सन्सटाउनला मेरी वॉर्ड नावाच्या बाई नातलगांनी बनवलेल्या वाफेच्या गाडीत बसल्या होत्या. सूक्ष्मदर्शकातून जे दिसे त्याची चित्रं काढून पुस्तकं लिहिणारी ही बाई, म्हणजे बारकाईनं बघण्यात तुमच्या-माझ्यापेक्षा नक्कीच पुढे. एका वळणावर त्या गाडीतून फेकल्या गेल्या आणि चाकाखाली आल्या. आज एखादा सायकलवाला त्या गाडीला सहज मागे टाकेल. पण वळणाला ते कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे १९०९ साली पॅरिसला देशोदेशीचे प्रतिनिधी जमले आणि धोक्याच्या चार खुणा सगळीकडे सारख्या असाव्यात असं त्यांनी ठरवलं: खळगा, वळण, चौरस्ता आणि रेल्वेचं फाटक. शंभराहून जास्त वर्षं उलटली. गाडीत गारवा आला, गाणी आली, रस्ता सांगणारी बाई आली. या चौघांनी मात्र आपला स्वभाव सोडलेला नाही. जुनी खोडं अशीच असतात.

आता वळणावरच्या ४०च्या आकड्याविषयी. हा आकडा कुणीतरी ऑफिसात बसून, चहा पिता पिता ठोकून दिलेला असतो, अशी तुमची समजूत असेल तर ती जपा. कारण खरी हकीकत फारच निरस आहे. बऱ्याच ठिकाणी एक इंजिनियर गाडीत एक वाकडी काचेची नळी लावतो. नळीत एक छोटी गोळी असते. मग तो तेच वळण पुन्हा पुन्हा घेतो, दर वेळी जरा जास्त वेगानं, आणि गोळी मध्यापासून किती सरकते ते बघतो. ती ठरावीक खुणेपलीकडे जायला लागली की थांबतो आणि त्या वेगाच्या आतबाहेरचा आकडा पाटीवर जातो. म्हणजे ज्या आकड्याला तुम्ही जुमानत नाही, तो एका गोळीनं ठरवलेला असतो. तुमच्यासारख्या अनुभवी माणसानं एका गोळीचं का ऐकावं?

गणितवाल्यांचंही ऐकू नका. ते म्हणतात, वेग दुप्पट केला की वळणावर चाकांना चौपट पकड लागते. ४०च्या वळणावर ८०नं गेलात तर कोरड्या डांबरावर कदाचित निभावेल, ओल्या डांबरावर नाही, आणि कडेची खडी पसरलेली असेल तर तिला तुमची ओळख सांगूनही उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटना तर सांगते की सरासरी वेग १ टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे ४ टक्के वाढतो. एकाला चार! कुठली बँक देते हो?

माझे एक स्नेही या शास्त्रातले जाणकार. त्यांच्या शेजारी बसून मी बरंच शिकलो. वळणाची पाटी आली की ते तिच्याकडे बोट करून सांगायचे, ‘‘इथे वळण आहे बरं का.’’

‘‘आणि ४० लिहिलंय,’’ मी म्हटलं.

‘‘ते बाहेरच्यांसाठी.’’

वळण घेतलं, तर समोर गवतानं शिगोशीग भरलेली ट्रॉली. मागे दिवा नाही, साधी लाल चिंधी नाही. आमची गाडी किंचाळत तिरकी झाली आणि ट्रॉलीच्या फळीपासून हातभर अंतरावर थांबली. गवताच्या दोन काड्या बॉनेटवर येऊन पडल्या. ट्रॅक्टरवाल्याला पत्ताच नाही, तो आपल्या गाण्याच्या नादात पुढे निघून गेला. स्नेह्यांनी कपाळ पुसलं, थोडा वेळ काड्यांकडे बघत बसले आणि मग माझ्याकडे वळून अत्यंत दुखावलेल्या सुरात म्हणाले, ‘‘रोज इथे कुणी नसतं.’’

हे वाक्य पाठ करून ठेवा, पुढे लागेल. रस्ता पाठ असतो तो असाच: डांबर पाठ असतं, खड्डे पाठ असतात. गाय पाठ नसते. शाळेतून सुटलेलं पोर पाठ नसतं. पण त्याचा दोष त्या गाईकडे जातो, हे उघडच आहे.

ब्रेकवर मात्र विश्वास ठेवा, तेवढे पैसे तुम्ही मोजलेत. समजा ६०नं जाणाऱ्या एका भित्र्याला आणि ९०नं जाणाऱ्या तुम्हाला एकाच जागी ती गाय दिसली. दोघांनाही दचकून ब्रेकवर पाय ठेवायला दीड सेकंद लागला. दोघांचे ब्रेक सारखेच चांगले, रस्ता कोरडा. भित्रा साधारण ४५ मीटरवर थांबतो. त्याच ४५ मीटरवर तुमचा वेग किती उरला असेल? सत्तर? पन्नास? ८२. दीड सेकंदातच तुमचे साडेसदतीस मीटर संपलेले असतात, ब्रेकला उरतात फक्त सात-आठ. गाय दोघांकडेही सारख्याच शांतपणे बघत असते.

रात्री तर ही कला अधिकच रंगते. खालच्या झोतात पुढचं कसंबसं ५०-६० मीटर दिसतं, आणि ९०वरून थांबायला ८०हून जास्त लागतात. म्हणजे गाडी कुठे थांबेल ती जागा तुम्हाला अजून दिसलेलीच नसते. अध्यात्मात याला श्रद्धा म्हणतात. अशा अंधारात ती पाटी मात्र लांबूनच लखलखते, कारण तिच्या अंगावरचे बारीक मणी तुमच्याच दिव्यांचा उजेड तुमच्याचकडे परत पाठवतात. डोळ्यांवर येते अगदी. मान फिरवा.

शहरात हे सगळं जमत नाही, पुढे सतत कुणीतरी असतं. मोकळ्या रस्त्याची मजा वेगळी: मध्ये दुभाजक नाही, कडेला कठडा नाही, समोरून येणाराही आपल्याच पंथाचा. ब्रिटनमध्ये रस्त्यावर मरणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त लोक गावाकडच्या रस्त्यांवरच मरतात, ते काही उगाच नाही. शिवाय काही झालंच तर मदत लांबून येते. तुम्हाला घाई असते, तिलाही असते, पण तिला अंतर कापावं लागतं.

आणि एवढं सगळं कशासाठी, तर वेळ वाचवण्यासाठी. तो हिशेबही करून ठेवलाय. दहा किलोमीटरच्या पट्ट्यात ६०ऐवजी ९०नं गेलात तर ३ मिनिटं २० सेकंद हातात पडतात. तेही वाटेत वळण, गाय, फाटक काहीच आलं नाही तर. घरी पोचल्यावर एवढ्या वेळात चपला काढून, फोन चार्जिंगला लावून, ‘‘आज अमुक मिनिटांत आलो’’ हे सांगून होतं.

जाता जाता त्या ४०च्या वळणापाशी एकदा दिवसाउजेडी उतरून बघा. रस्त्यावर टायरचे काळे पट्टे आहेत, ते वळणाबरोबर वळत नाहीत, सरळ गवतात जातात. गवतात काचेचा चुरा आहे, साखरेसारखा. पलीकडच्या झाडाची साल बरोबर बंपरच्या उंचीला गेलेली आहे आणि तिथलं लाकूड पावसानं काळं पडलंय. त्याच्या वरच्या अंगाला अजून एक खरवड आहे, ती ताजी. एखाद्या उंच गाडीची असावी. तिथून जाणाऱ्या कुणी ‘हे कसं झालं’ असं विचारलंच, तर उत्तर आपल्याकडे तयार आहे: रोज हे झाड इथे नसतं.