लॅटिन ब्रीदवाक्य कसे निवडावे: होतकरू शिक्षणसम्राटांना काही सूचना

आपण लवकरच स्वतःचे विद्यापीठ काढणार आहात असे मी गृहीत धरतो. साखर कारखाना झाला, पतसंस्था झाली, अभियांत्रिकी महाविद्यालयही झाले; आता एवढेच उरले आहे. जमीन, कमान आणि कमानीवर कोणाच्या तीर्थरूपांचे नाव घालायचे हे प्रश्न आपण सोडवलेच असतील. राहता राहिला ब्रीदवाक्याचा प्रश्न. नुकताच एका खासगी विद्यापीठाच्या परीक्षा विभागाबाहेरील बाकावर, समोरच्या भिंतीवरचे बोधचिन्ह पाहत दिवसभर बसण्याचा योग आल्यामुळे, या विषयावर चार शब्द सांगण्याचा अधिकार मला प्राप्त झाला आहे.

ब्रीदवाक्य लॅटिनमध्येच असावे. मराठीत लिहिले तर ते शिपायापासून पालकांपर्यंत सर्वांना कळते, आणि संस्कृतवरही फार विसंबू नये. पुणे विद्यापीठाचे ‘यः क्रियावान् स पण्डितः’ हे महाभारतातील वचन पाहा. जो प्रत्यक्ष करतो तोच पंडित, एवढा अर्थ शाळेत पन्नास गुणांचे संस्कृत घेतलेल्या मुलालाही लागतो. असे काही आपल्या कार्यालयाच्या खिडकीवर लिहिले, तर रांगेतला प्रत्येक विद्यार्थी मान उंचावून आत क्रियावान कोण आहे हे शोधू लागेल. लॅटिनमध्ये हा धोका नाही.

कोणी अर्थ विचारलाच, तर ‘ज्ञान, सत्य, सेवा वगैरे’ असे सांगून पुढच्या पाहुण्यांकडे वळावे.

वाक्य निवडताना जुन्या संस्थांचे अनुकरण मात्र कटाक्षाने टाळावे, कारण त्या लोकांना अर्थाची वाईट खोड होती. १८८७ साली स्थापन झालेल्या अलाहाबाद विद्यापीठाच्या बोधचिन्हात वटवृक्ष आहे आणि ब्रीद आहे ‘क्वोट रामी टोट आर्बोरेस’, म्हणजे जितक्या फांद्या तितके वृक्ष. वडाची पारंबी जमिनीत रुजली की तिचाच बुंधा होतो. तसे येथून निघालेल्या प्रत्येकाने आपापल्या मुळांवर उभे राहावे, अशी ती अपेक्षा आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे ‘प्रोव्होकान्स आड व्होलांडुम’ हे शब्द बायबलमधील ‘अनुवाद’ या ग्रंथातून घेतलेले आहेत. तेथे गरुड आपल्या पिलांना उडण्यासाठी डिवचतो. अशी वाक्ये संस्थेच्या अंगाशी येतात, कारण संस्थेने काय करायचे हे त्यांत लिहिलेले असते. पिले खरोखरच उडून गेली, तर पुढच्या सत्राची फी कोणाकडून घ्यायची?

रोमन कवी होरेस याच्याकडे जायचे असल्यास कात्री सोबत ठेवावी. मद्रास विद्यापीठाचे ‘डॉक्ट्रिना विम प्रोमोवेट इन्सिटाम’, म्हणजे शिक्षण अंगच्या शक्तीला वाढवते, हे त्याच्याच एका कवितेतले आहे. मूळ कवितेत दोनच ओळींनंतर तो असेही बजावतो, की जेथे नीती ढळली तेथे जन्मतः चांगल्या असलेल्यालाही दोष बट्टा लावतात. हा भाग ब्रीदवाक्यात आला नाही. आपणही तो आणू नये. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने होरेसच्याच ‘नीतीवाचून कायदे व्यर्थ’ या वचनातला ‘कायदे’ हा शब्द गाळून उरलेला तुकडा शिक्क्यावर कोरला, आणि त्याचा अर्थ ‘नीती नसलेल्या चवचाल बायका’ असाही लागतो हे कोणीतरी लक्षात आणून दिल्यावर आधी ‘विद्या’ आणि मग १९३२ साली पुन्हा ‘कायदे’ घालून तो सावरून घेतला. आपल्याकडे असे लक्षात आणून देणारा कोणी नसल्यामुळे भाषांतर इंटरनेटवर करून घेण्यास हरकत नाही. मी ज्या बोधचिन्हासमोर बसलो होतो त्यावर ‘सेवा’ या अर्थी जो लॅटिन शब्द आहे, त्याचा होरेसच्या काळी सरळ अर्थ गुलामगिरी असा होता. तेथे दुपारपर्यंत बसल्यावर तो शब्द मला अगदीच चुकीचा वाटला नाही.

‘वेरितास’, म्हणजे सत्य, हा शब्द अवश्य घ्यावा. हार्वर्डने तो १६४३ साली ठरवला आणि नंतर तो जुन्या दप्तरात असा काही हरवला, की १८३६ साली द्विशताब्दीच्या वेळी तेथील अध्यक्ष जोसाया क्विन्सी यांनी तो लोकांसमोर आणला. सत्य दोनशे वर्षे फायलीत पडून राहिले तरी विद्यापीठ चालते, हा यातून घेण्यासारखा बोध आहे.

आता उपयोग. ब्रीदवाक्य पदवी प्रमाणपत्रावर सोनेरी, बोटाला लागेल अशा उठावाच्या अक्षरांत छापावे. माझ्या भाचीच्या प्रमाणपत्रावर ते तसेच आहे: मशाल, उघडे पुस्तक, दातेरी चाक, कमळ, आणि त्याखालच्या फितीवर ‘वेरितास’. त्याच्या चार बोटे खाली तिच्या आईचे नाव ‘विजयंती’ असे छापले आहे. माझ्या बहिणीचे नाव वैजयंती आहे. प्रवेश अर्जात ते बरोबर आहे, सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिकांवर बरोबर आहे, आणि त्या गुणपत्रिका याच कार्यालयाने याच शिक्क्यानिशी दिल्या आहेत. त्या मी खिडकीतून आत सरकवल्या. “काका, सिस्टीममध्ये असंच आलंय,” असे उत्तर मिळाले. आईचे नाव हेच आहे असे प्रतिज्ञापत्र स्टँपपेपरवर करून आणा, नोटरीचा शिक्का घ्या, आधारची झेरॉक्स जोडा, दुरुस्ती शुल्काचे चलन भरा, मूळ प्रमाणपत्र जमा करा आणि सोमवारी या, कारण साहेब दौऱ्यावर आहेत. पदवीदानाच्या झग्याची अनामत अजून परत मिळालेली नाही, ती वेगळ्या खिडकीवर. म्हणजे चूक यांनी करायची, ती चूक आहे हे शपथेवर आम्ही सांगायचे, आणि पैसेही आम्हीच मोजायचे! ज्या बाईने चार वर्षे हप्ते भरले, तिचे नाव तिच्या मुलीच्या पदवीवर नीट लिहिणे ज्यांना जमत नाही, त्यांनी दोन हजार वर्षांपूर्वीच्या भाषेत सत्याचे नाव घ्यावे?

सूचना पुरे झाल्या. तुम्हाला लॅटिन येत नाही याबद्दल माझी तक्रार नाही. मलाही ते कोशाच्या आधारानेच लागते. पण तुम्हाला तुमचेच अर्ज वाचता येत नाहीत, आणि वाचायला सांगितले की राग येतो. बोधचिन्हासाठी सल्लागार नेमायला तुमच्याकडे पैसे असतात, छपाईपूर्वी नावे ताडून पाहणारा एक माणूस नेमायला नसतात. मुलगी नोकरीवर रुजू होण्यासाठी कागदाची वाट पाहत असते आणि तुम्ही तिला सोमवार दाखवता. याची लाज वाटली पाहिजे. प्रतिज्ञापत्र मी करणार नाही. गुणपत्रिका तुमच्याच आहेत, त्या पाहा, नाव दुरुस्त करा, शुल्क न घेता नवीन प्रमाणपत्र टपालाने घरी पाठवा, आणि झग्याची अनामत त्याच पाकिटात घाला.