वाळूचे दांडे उपसण्याच्या सल्ल्याचा प्रतिवाद

नदीच्या पात्रातले आणि समुद्रकिनाऱ्यालगतचे वाळूचे दांडे, म्हणजे पाण्याने साचवलेले वाळूचे लांबट उंचवटे, हे पाण्याच्या वाटेतला निव्वळ अडथळा असून ते एकदा उपसले की पूर टळतो, जहाजांची वाट कायमची मोकळी होते आणि काढलेली वाळू निसर्ग आपोआप भरून देतो, असा दावा सध्या सर्वत्र फिरतो आहे. यातली शेवटची दोन विधाने एकमेकांना खोडतात. वाळू पुन्हा भरून येणार असेल, तर वाट कायमची मोकळी कशी राहील?

पुराचा मुद्दा आधी घेऊ. वळणावर तळाजवळचा प्रवाह वाळू आतल्या काठाकडे लोटतो आणि तिथे वेग मंदावल्यामुळे ती साचते. म्हणजे हा दांडा नदीच्या वाहण्यातूनच घडतो व मोठ्या पुरात त्यावरची वाळू पुन्हा चालू लागते. तो उपसल्याने पाण्याची पातळी थोडी उतरली, तरी तो परिणाम स्थानिक आणि बहुधा तात्पुरता असतो. तोटा मात्र दूरवर पोहोचतो. उपशामुळे पडलेल्या खड्ड्याची प्रवाहाच्या वरच्या बाजूची कड उलट दिशेने ढासळत जाते, तर वाळू खड्ड्यातच अडकल्यामुळे खालच्या बाजूचे पाणी तळ आणि काठ खरवडू लागते. पोर्तुगालमध्ये डोरू नदीवरचा पूल मार्च २००१ मध्ये कोसळून ५९ जण दगावले, त्यामागे खांबाभोवतालचा तळ खचणे आणि अनेक वर्षांचा वाळूउपसा ही कारणे पुढे आली.

जहाजांच्या वाटेबद्दल दाव्यात थोडे तथ्य आहे. नदीमुखावरचा दांडा जहाजांना खरोखर धोक्याचा असतो आणि तिथला उपसा अनेकदा अपरिहार्य ठरतो, पण तो कायमचा उपाय नव्हे. अमेरिकेत कोलंबिया नदीच्या मुखाशी १८८५ पासून समुद्रात लांबवर दगडी बांध घालण्यात आले, तरीही तिथे आजतागायत दरवर्षी उपसा करावा लागतो.

समुद्राची वाळू फुकट भरून येते हा समज सर्वांत महागात पडणारा आहे. वादळी लाटा पुळणीवरची वाळू ओढून किनाऱ्यापासून काही अंतरावर दांडा रचतात, त्यामुळे पुढच्या लाटा तिथेच फुटून त्यांचा जोर ओसरतो, आणि समुद्र शांत झाला की हीच वाळू हळूहळू पुळणीवर परतते. साठा एकच असून तो फक्त जागा बदलतो, त्यामुळे दांड्यातून नेलेली वाळू पुळणीच्या खात्यातूनच वजा होते. इंग्लंडमधल्या हॉलसँड्स गावापुढचे गोटे आणि वाळू १८९७ पासून गोदीच्या बांधकामासाठी उपसण्यात आली, ती समुद्र भरून काढील असे गृहीत धरूनच. समुद्राने ती भरली नाही, पुळण खचली आणि जानेवारी १९१७ च्या वादळात जवळजवळ सारे गाव वाहून गेले.

‘निव्वळ अडथळा’ या शब्दांबद्दल एवढेच, की चंबळ नदीत सुसरी आणि पाणचिरे हे पक्षी अंडी घालतात ती अशाच दांड्यांच्या वाळूवर.