युरियाची खोळ

धाडसी स्त्रियांवर व्याख्यान आहे, अवश्य या, असा निरोप मोबाइलवर आला तेव्हा लख्ख ऊन होतं, म्हणून मी बेधडक 'येते' लिहून टाकलं. शनिवारी सकाळी असा पाऊस लागला की कोंबड्याही खुराड्याबाहेर पडेनात. नाल्याला पाणी आलं की आमची दारव्ह्याची एसटी फाट्यावरूनच माघारी फिरते. उरली पोरीची सायकल. मानव विकास योजनेतून आठवीत मिळालेली. पोरगी आता बारावीत आहे आणि सायकल निवृत्तीच्या वयात.

घरातला एकुलता एक रेनकोट मालकांच्या अंगावर शेतात गेला होता. मी युरियाच्या रिकाम्या पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसला आणि खोळ करून डोक्यावर घेतली. पाठीवर मोठ्या अक्षरांत 'युरिया ४५ किलो'. आकडा माझ्या वजनापेक्षा बराच कमी, त्यामुळे तक्रार नव्हती.

पांदणीत शिरले आणि काळ्या मातीनं ओळख दाखवली. ही माती आधी टायरला चिकटते, मग मडगार्डमध्ये ठासून बसते आणि मग चाक फिरायचंच बंद होतं. उतरायचं, पऱ्हाटीची काडी शोधायची, चिखल कोरून काढायचा, दहा पावलं जायचं, पुन्हा उतरायचं. त्यात चप्पल मातीतच राहते, पाय तेवढा वर येतो. सायकलवर बसून मी कमी गेले. शेवटी तर तीच माझ्या खांद्यावर बसून आली.

पानठेल्याशी एक म्हातारी आडोशाला उभी होती.

"काहून वं बाई, कोनी मेलं का?"

"नाई वं माय, भाषनाले चालली."

"काय भेटते तिथं?"

"च्या भेटते."

"मंग जाय."

सभागृहात मोजून तेरा बाया. दाराशी खोळ काढून ठेवली, खुर्चीत बसले आणि खुर्चीखाली तळं साचलं. वक्त्या नागपूरहून गाडीनं आलेल्या, साडीची निरीही न भिजलेली. पण बोलल्या छान. १९७५ साली जुन्को ताबेई हिमस्खलनात गाडली गेली, शेर्पांनी ओढून काढली आणि बारा दिवसांनी ती एव्हरेस्टच्या माथ्यावर उभी होती. तिथं पोचलेली ती पहिली बाई. १९८४ मध्ये आपली बचेंद्री पाल पोचली. मी पदर पिळत टाळ्या वाजवल्या.

मग आली ॲनी लंडनडेरी. ही १८९४ मध्ये बोस्टनहून सायकलनं जग फिरायला निघाली, ती पंधरा महिन्यांनी परतली. सायकल चालवायला शिकली होती निघायच्या जेमतेम काही दिवस आधी. सायकल १९ किलोची, सोबत बदलायचे कपडे आणि एक पिस्तूल. आणि लंडनडेरी हे तिचं आडनावच नव्हे. त्या नावाच्या पाण्याच्या कंपनीनं शंभर डॉलर दिले म्हणून तिनं ते नाव घेतलं आणि कंपनीची पाटी सायकलला लावली. मी दाराकडे पाहिलं. मी तर युरियाची जाहिरात सहा किलोमीटर फुकटात करत आले होते. पुढे कळलं की जगाचा बराचसा भाग तिनं बोटीनं पार केला. माझ्या नाल्याला तेवढीही सोय नव्हती.

"काही प्रश्न?" वक्त्यांनी विचारलं.

मागून आवाज आला, "तिले लेकरं होते का?"

"हो, तीन. लहान होती."

"मंग पंधरा महिने त्यायले जेवू कोन घातलं?"

वक्त्यांनी पाण्याचा घोट घेतला. कागद उलटले, पुन्हा सुलटे केले. जपान, अमेरिका, हिमालय, सगळं हातात होतं. तेवढं उत्तर नव्हतं. तेराच्या तेरा बाया सरसावून बसल्या, व्याख्यान खरं तिथून रंगायला लागलं होतं, पण तेवढ्यात आयोजकांनी चहा आला म्हणून जाहीर केलं.

चहा पिऊन दाराशी आले तर माझी खोळ गायब. तेरापैकी बहुतेक जणी पोती पांघरूनच आलेल्या, घाईत कोणीतरी माझं नेलं होतं. जागेवर राहिलं होतं डीएपी खताचं. युरियाची गोणी २६६ रुपयांची, डीएपीची साडेतेराशेची. मी इकडेतिकडे पाहिलं, पटकन डीएपी डोक्यावर घेतलं आणि कोणी हाक मारायच्या आत सायकलवर टांग मारली.