शब्दांची किंमत सात टक्के? या मेसेजला मुद्देसूद उत्तर

कॉलेजांत प्रोजेक्टच्या सादरीकरणांचा हंगाम आला की 'प्रभावी प्रेझेंटेशनची पाच सूत्रं' हा मेसेज ग्रुपवर हमखास येतो. सूत्रं अशी. एक, श्रोत्यांवर पडणाऱ्या प्रभावात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. दोन, मेंदूला चित्र मजकुरापेक्षा ६०,००० पट वेगाने कळतं. तीन, माणसाच्या लक्षात वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के, पाहिलेलं ३० टक्के आणि स्वतः केलेलं ९० टक्के राहतं. चार, आजकाल माणसाचं लक्ष ८ सेकंदच टिकतं, गोल्डफिशपेक्षाही कमी. आणि पाच, म्हणून स्लाइडवर सहापेक्षा जास्त शब्द कधीच नकोत.

मुलांकडून सादरीकरणं बसवून घेणं हे माझं कामच आहे, त्यामुळे या मेसेजने होणारं नुकसान मला दरवर्षी समोर दिसतं. एखाद्या मुलाने गावातल्या विहिरींची पाणीपातळी वर्षभर स्वतः दोर सोडून मोजलेली असते. शेवटचे आठ दिवस तो आरशासमोर उभं राहून हात कुठे ठेवायचे याचा सराव करतो. त्याचा आलेख अर्धवट राहतो. कारण कोणीतरी त्याला सांगितलेलं असतं की तू काय बोलतोस याला सातच टक्के किंमत आहे. मला याचा राग येतो, म्हणून एकेक सूत्र घेऊन उत्तर देते.

"शब्द ७, आवाज ३८, देहबोली ५५"

हे आकडे कोणी हवेतून काढलेले नाहीत, पण ते भलत्याच गोष्टीचे आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांनी सहकाऱ्यांबरोबर १९६७ साली दोन छोटे अभ्यास प्रसिद्ध केले. पहिल्यात सुटे इंग्रजी शब्द निवडले होते, काही गोड, काही कडू, काही मधले. ते वेगवेगळ्या सुरांत बोलून ध्वनिमुद्रित केले आणि ऐकणाऱ्यांना विचारलं, बोलणारीच्या मनात समोरच्याबद्दल काय भावना असेल? दुसऱ्यात 'मेबी' हा एकच शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवला आणि सोबत वेगवेगळ्या भावमुद्रांचे फोटो दाखवले. शब्द एक सांगतो आणि सूर किंवा चेहरा दुसरंच, अशा वेळी लोक कशावर विश्वास ठेवतात, एवढंच तपासायचं होतं. दोन्ही अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून ७-३८-५५ हे समीकरण मांडलं गेलं.

म्हणजे तिथे भाषण नव्हतं, व्याख्यान नव्हतं, अख्खं वाक्यसुद्धा नव्हतं. मेसेजमध्ये 'देहबोली' म्हणून मिरवणारे ५५ टक्के हे चेहऱ्याच्या फोटोंचे आहेत. हातवारे, चालणं, ताठ उभं राहणं यातलं काहीच त्या अभ्यासांत नव्हतं.

स्थळ बघायला आलेले पाहुणे उठताना "बघू, कळवतो" म्हणतात तेव्हा घरातली मंडळी शब्द धरून बसत नाहीत, चेहऱ्याकडे बघतात. मेहराबियन यांनी मोजलं ते या जातीचं काहीतरी, आणि तेवढ्यापुरतं ते बरोबरच आहे. पण "खालच्या आळीतल्या विहिरींना मार्चनंतर पाणी नसतं" हे कोणत्या भावमुद्रेने कळणार? बोलणारा आपल्या भावनांविषयी किंवा आवडीनिवडीविषयी बोलत नसेल तर ही समीकरणं लागू होत नाहीत, असा स्पष्ट खुलासा खुद्द मेहराबियन यांनी करून ठेवला आहे. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी तेवढाच गाळला.

आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचला पाहिजे, नजर कागदात रुतलेली नको, हे मी स्वतः घोकून घेते. पण ते सगळं शब्द पोहोचावेत म्हणून. या सूत्राने सगळ्यात जास्त मार बसतो तो तालुक्याच्या गावाहून आलेल्या, बुजऱ्या, साध्या कपड्यांतल्या मुलांना. सांगण्यासारखं त्यांच्याकडे भरपूर असतं आणि नेमकं तेच कवडीमोलाचं ठरवलं जातं.

"मेंदूला चित्र ६०,००० पट वेगाने कळतं"

कोणतं चित्र? कोणता मजकूर? सूर्यास्ताचा फोटो आणि 'आग' ही दोन अक्षरं यांत जास्त वेगाने काय कळतं? असं काही विचारलं की हा आकडा तिथेच अडखळतो. तो थ्री-एम या अमेरिकन कंपनीच्या नावावर सांगितला जातो, आणि अनेकांनी पाठपुरावा करूनही त्यामागचा प्रयोग कोणाला सापडलेला नाही.

थ्री-एमच्या मदतीने झालेला एक खरा अभ्यास मात्र आहे. १९८६ साली मिनेसोटा विद्यापीठात विद्यार्थ्यांना वेळेच्या नियोजनाच्या कार्यशाळेला वेळ आणि पैसे द्यायला राजी करायचं होतं. काहींसमोर नुसतं भाषण झालं, काहींसमोर दृश्य साधनांसह. दृश्य साधनं वापरलेली सादरीकरणं ४३ टक्के जास्त पटवणारी ठरली. थ्री-एम त्या काळी ओव्हरहेड प्रोजेक्टर आणि त्यावर ठेवायच्या पारदर्शिका विकत असे, हे लक्षात ठेवूनच हा आकडा वाचायचा. तरीही तो मला पटण्याजोगा वाटतो. त्याला एक विशिष्ट प्रसंग आहे, एक प्रश्न आहे आणि माणसाच्या आवाक्यातलं उत्तर आहे.

चित्रं लक्षात राहतात हेही खरं. १९६७ मध्येच मानसशास्त्रज्ञ रॉजर शेपर्ड यांनी लोकांना ६१२ चित्रं दाखवली आणि लगेच जोड्या समोर ठेवून विचारलं, यातलं आधी पाहिलेलं कोणतं? सुमारे ९७ टक्के उत्तरं बरोबर आली. शब्दांची तशीच चाचणी घेतली तेव्हा सुमारे ८८ टक्के. चित्र सरस ठरलं, पण शब्द काही वाहून गेले नाहीत. शिवाय ही ओळख पटण्याची चाचणी होती. पाहिलेलं चित्र ओळखणं वेगळं आणि त्याने काय सिद्ध झालं हे कळणं वेगळं.

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची चित्रकथी ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे सांगायची गरज नाही. तिथले ठाकर कलावंत रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची सुटी चित्रं एकापाठोपाठ एक समोर धरतात आणि कथा गातात, सांगतात. एका आख्यानाच्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. रथावरचे दोन योद्धे एकमेकांवर बाण रोखून उभे आहेत एवढं चित्र दाखवतं. कोणाची चूक, कोणाचा शाप, पुढे काय होणार, हे निवेदकाच्या तोंडून कळतं. प्रसंग संपला की चित्र बदलतं, आधी नाही. स्लाइड कधी पुढे सरकवावी हे शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा मी वर्गात त्यावरच एक तास घेतला होता.

"वाचलेलं १०, ऐकलेलं २०, पाहिलेलं ३०, केलेलं ९०"

सगळे आकडे दहाच्या पाढ्यातले. खऱ्या मोजमापाची अशी रांगोळी होत नसते, एवढ्यावरूनच शंका यायला हवी. ओहायो स्टेट विद्यापीठातले एडगर डेल यांनी १९४६ साली दृक्श्राव्य अध्यापनावरच्या पुस्तकात अनुभवांचा एक शंकू काढला होता. तळाशी प्रत्यक्ष अनुभव, टोकाशी शब्द. त्यात टक्के नव्हतेच, आणि हा शंकू फार शब्दशः घेऊ नका असंही डेल यांनी बजावलं होतं. टक्क्यांची यादी वेगळ्याच वाटेने आली, १९६७ च्या सुमारास एका नियतकालिकात कुठल्याही प्रयोगाचा आधार न देता छापली गेली आणि पुढे कोणीतरी ती डेल यांच्या शंकूवर चिकटवली. आज शिक्षक-प्रशिक्षणाच्या साहित्यातसुद्धा ती डेल यांच्या नावाने दिसते, याचं मला फार वाईट वाटतं.

"लक्ष ८ सेकंदांचं"

हा आकडा २०१५ च्या मायक्रोसॉफ्ट कॅनडाच्या एका अहवालामुळे जगभर पसरला. अहवालाने तो आकडेवारी गोळा करणाऱ्या एका संकेतस्थळावरून उचलला होता, आणि त्या संकेतस्थळामागे संशोधन नव्हतं. बिचाऱ्या गोल्डफिशला तर महिनोन् महिने आठवतं, हे प्रयोगांत दिसून आलं आहे. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला आजही भरते. खुर्चीत बसलेली माणसं तासभर नुसतं बोलणं ऐकतात. कीर्तन त्याहून लांबतं. कंटाळवाण्या बोलण्यावरून लक्ष उडतं, ते आठव्या सेकंदालाच उडतं असं नाही.

"स्लाइडवर सहापेक्षा जास्त शब्द नकोत"

हे सूत्र अर्धं बरोबर आहे, म्हणून जास्त काळजीपूर्वक बघायला हवं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेतले रिचर्ड मेयर यांनी चित्र, आवाज आणि मजकूर यांतून माणूस कसा शिकतो याचे प्रयोग अनेक वर्षं केले. चित्र आणि तोंडी निवेदन असताना तेच निवेदन पडद्यावर जसंच्या तसं लिहून दाखवलं तर समजण्यात भर पडत नाही, उलट घट होते, असं त्यांना आढळलं. डोळे चित्र बघायचं सोडून अक्षरांमागे धावतात. तेव्हा परिच्छेदच्या परिच्छेद डकवून ते वाचून दाखवणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही.

पण याच संशोधनात अपवादही आहेत. शब्द अनोळखी किंवा तांत्रिक असेल, किंवा श्रोता आपल्या भाषेत ऐकत नसेल, तर लिहिलेला शब्द मदत करतो. आपल्या बहुतेक वर्गांत दोन्ही गोष्टी एकदमच असतात. मराठी माध्यमातून आलेली मुलं इंग्रजीतून भूजलाचं सादरीकरण ऐकत असतील तर 'अॅक्विफर' हा शब्द पडद्यावर दिसलाच पाहिजे, शेजारी 'जलधर' लिहिलेला असला तर आणखी चांगलं. सहाच्या हिशेबात बसत नाही म्हणून तो काढून टाकणं हा त्या मुलांवर अन्याय आहे.

देवनागरीसाठी दोन गोष्टी जास्तीच्या लागतात. वर रफार-वेलांटी आणि खाली उकार असल्याने ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते, नाहीतर 'र्की'चा रफार वरच्या ओळीतल्या 'कू'च्या उकारात घुसतो. आणि मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं प्रेझेंटेशन सभागृहातल्या दुसऱ्याच लॅपटॉपवर उघडलं की मराठीच्या जागी भलतीच चिन्हं येतात. तेव्हा पीडीएफची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवाच.

मोजायचेच असतील तर स्लाइडच्या शीर्षकाचे शब्द मोजू नका, ते वाक्य आहे का बघा. पेन स्टेट विद्यापीठातले मायकेल अॅली हेच शिकवत आले: शीर्षकात पूर्ण विधान, खाली त्याचा दृश्य पुरावा. 'पाणीपातळी' हे शीर्षक काहीच सांगत नाही. 'मार्चअखेर दहापैकी सात विहिरी कोरड्या पडतात' हे सांगतं, आणि मग खालच्या आलेखात काय शोधायचं तेही कळतं.

याचं महत्त्व किती असू शकतं ते कोलंबिया अवकाशयानाच्या बाबतीत दिसलं. जानेवारी २००३ मध्ये उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा निसटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच बोइंगच्या अभियंत्यांनी नासाला स्लाइड्स दाखवल्या. त्यांतल्या एका स्लाइडचं शीर्षक फोम आदळण्याच्या आधीच्या चाचण्यांचे निष्कर्ष सुरक्षिततेच्या बाजूने झुकलेले आहेत असा दिलासा देणारं होतं. खाली मुद्दे, उपमुद्दे, त्यांचे उपमुद्दे. 'सिग्निफिकंट' हा शब्द वेगवेगळ्या रूपांत पाच वेळा, दर वेळी वेगळ्या अर्थछटेने. आणि अगदी तळाच्या ओळीत, बारीक अक्षरांत: चाचणीतला तुकडा ३ घन इंच, आदळलेला तुकडा सुमारे १,९२० घन इंच. म्हणजे ६४० पट मोठा. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान तुटलं आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले.

अपघाताला ती स्लाइड जबाबदार होती असं मी म्हणत नाही. कारणं अनेक होती. पण चौकशी मंडळाने आपल्या अहवालात त्या स्लाइडची स्वतंत्र दखल घेतली. ती वाचून प्रश्न जिवावर बेतणारा आहे हे वरिष्ठांच्या ध्यानात न येणं समजण्यासारखं आहे, असं म्हटलं, आणि तांत्रिक अहवालांच्या जागी स्लाइड वापरण्याच्या नासातल्या सवयीवर बोट ठेवलं. त्या स्लाइडवर शब्द जास्त होते हे खरंच. पण ते कमी करून सहावर आणले असते आणि वरचं शीर्षक तेवढं उरलं असतं, तर काय साधलं असतं? तिथे 'आदळलेला तुकडा चाचणीतल्या तुकड्यापेक्षा ६४० पट मोठा, म्हणून ही चाचणी इथे लागू नाही' असं शीर्षक हवं होतं. हे वाक्य सहा शब्दांत बसत नाही.

तपशील खरोखरच भरगच्च असेल तर तो पडद्यावर कोंबू नका आणि गाळूही नका. छापून हातात द्या. अॅमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट बंद केलं आणि सहा पानांपर्यंतची सलग लिहिलेली टिपणं आणायला लावली. बैठकीच्या सुरुवातीला सगळे ती शांतपणे वाचतात, मग बोलणं सुरू होतं. आपल्याकडे परीक्षकांपुढे दहा मिनिटं मिळतात, तिथे सहा पानं जमणार नाहीत. पण विहिरींच्या वर्षभराच्या नोंदींचा एक पाठपोट कागद प्रत्येक परीक्षकासमोर ठेवता येतो. मी आता मुलांना तो सादरीकरणाआधी वाटायला सांगते. प्रश्न त्या कागदावरूनच येतात, आणि ज्याने स्वतः दोर सोडून मोजलंय त्याला उत्तरं देता येतात.