मशिनची बॉडी न्यूट्रलला जोडू नका

'वायरमन तुम्हाला लुटतात! थ्री-फेजचं खरं गणित' अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या वर्कशॉपवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. फिरत फिरत तो माझ्या भाच्यापर्यंत पोचला. त्याने नुकतीच एक जुनी लेथ आणि पेडेस्टल ग्राइंडर घेऊन शेड टाकलीय, फिटिंग अर्धं झालंय. मेसेज मला पाठवून खाली विचारतो, "मामा, अर्थिंगच्या दोन खड्ड्यांचे पैसे वाचतायत, वायरमनला नको म्हणून सांगू का?" म्हणून हे लिहायला बसलोय. एरवी असल्या मेसेजला मी उत्तर दिलं नसतं.

मेसेजचं म्हणणं असं. थ्री-फेजला (तीन जिवंत तारांच्या सप्लायला) अर्थिंग, म्हणजे मशिनची बॉडी तारेने जमिनीतल्या खड्ड्याला जोडणं, लागत नाही, कारण तिन्ही फेजचा करंट एकमेकांतूनच परत जातो. फारच भीती वाटली तर मशिनची बॉडी न्यूट्रलला, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेला, जोडा. खड्डा केला तरी बॉडीला फेज लागल्यावर एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही, म्हणजे खड्डा निरुपयोगी. अर्थिंग तपासायला टेस्ट लॅम्प, म्हणजे फेज आणि अर्थिंगमध्ये लावलेला साधा बल्ब, पुरे. एमसीबी सारखा पडत असेल तर मोठा टाका. एक फेज गेला तरी मोटर फिरते, तेव्हा अशा वेळी मोटर बंद करणारा प्रिव्हेंटर घेऊ नका. लाइट ये-जा करत असेल तर स्टार्टरचं हिरवं बटण पाचर मारून दाबून ठेवा. फेज उलटे लागले तरी काही बिघडत नाही.

करंट एकमेकांतून परत जातो हे खरं आहे. तिन्ही फेजवर सारखा लोड असला की न्यूट्रलमध्ये करंट उरत नाही, आणि थ्री-फेज मोटरला आपण न्यूट्रल जोडतही नाही. पण त्याचा अर्थिंगशी काय संबंध? मोटर नीट चालू असताना अर्थिंगच्या वायरला काही काम नसतंच. वाइंडिंगचं इन्शुलेशन गेलं, उंदराने केबल कुरतडली, टर्मिनल बॉक्समधलं लग सुटून पत्र्याला टेकलं, तेव्हा तिचं काम सुरू होतं. फेज-फेजमध्ये ४१५ व्होल्ट असतात, पण अशा वेळी बॉडी आणि जमीन यांच्यात २४० येतात, आणि कूलंटने ओला झालेला हात लेथच्या हँडलवर असतो.

आता न्यूट्रल. या मेसेजमधला माणूस मारणारा सल्ला हाच आहे. शेडमधल्या ट्यूब, पंखे, चार्जर फेज आणि न्यूट्रलवर चालतात. पावसाळ्यात खांबावर न्यूट्रलचा जोड सुटतो. एका फेजवरचे दिवे भगभगून उडतात आणि दुसऱ्यावरचे मिणमिणतात, हे सगळ्यांनी पाहिलंय. त्या वेळी ट्यूब-पंख्यांतून आलेला फेज तुमच्या न्यूट्रल पट्टीवर येऊन अडकतो, कारण पुढे जायला वाट नाही. पट्टीला मशिनची बॉडी जोडलेली असेल तर ती बॉडी जिवंत झाली. एकच नाही, शेडमधली प्रत्येक. मशिनचा स्विच बंद असला तरी, कारण न्यूट्रल पट्टीला स्विच नसतो. एमसीबी पडायचा प्रश्नच येत नाही, त्याच्यातून दोन-चार दिव्यांपुरताच करंट जातोय. त्या रस्त्यात तुम्ही हात घातलात की पुढची वाट तुमच्यातून. आणि दुरुस्तीत कुणाकडून कटआउटला (मीटरजवळच्या फ्यूजला) फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली, तर दिवा लावायचीही गरज नाही, सगळ्या बॉडींवर थेट फेज.

काही देशांत न्यूट्रल आणि अर्थ ग्राहकाच्या दाराशी एकत्र करतात, असं कुणी तरी म्हणेलच. करतात. पण ते काम वीज कंपनी करते, लाइनवर जागोजागी न्यूट्रल जमिनीला बांधून. लेथच्या टर्मिनल बॉक्समध्ये तारेचा तुकडा टाकणं म्हणजे ते नव्हे.

दोन खड्डे म्हणजे वायरमनची चैन आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी नियम वाचावा. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत नियम ६१ होता. २०१० च्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांत तो विनियम ४१ म्हणून आला. २०२३ साली नवे विनियम आले, तरी अट तीच राहिली. २५० व्होल्टच्या वर आणि ६५० पर्यंत चालणाऱ्या प्रत्येक मोटरची फ्रेम मालकाने दोन वेगवेगळ्या, स्वतंत्र जोडण्यांनी अर्थ करायची. ४१५ व्होल्टची तुमची मोटर त्यात सरळ बसते. दोन का, तर एक जोडणी गंजून तुटली तरी कुणाच्या लक्षात येत नाही, मशिन तसंच चालत राहतं. जबाबदारी मालकाची, हेही त्यातच आहे.

'खड्डा केला तरी एमसीबी पडत नाही' यातही अर्धं खरं आहे, आणि बरेच वायरमनही हे सांगत नाहीत. समजा तुमच्या खड्ड्याचा रोध ४ ओहम आहे आणि ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगचा १. बॉडीला फेज लागला तर २४० भागिले ५, म्हणजे ४८ अँपिअर जमिनीतून जातील. ३२ अँपिअरचा एमसीबी तेवढ्याने लगेच पडणार नाही, आणि तोवर बॉडीवर १९२ व्होल्ट उभे असतील. मेसेज लिहिणारा यावरून म्हणतो, खड्डाच नको. अरे, मग लीकेज ब्रेकर बसवा! हा ब्रेकर, म्हणजे चार पोलचा आरसीसीबी, काही मिलिअँपिअर गळती झाली की सप्लाय तोडतो. त्या ४८ अँपिअरला तर तो क्षणभरही थांबणार नाही. खड्डा आणि आरसीसीबी मिळून काम करतात. एक असला म्हणून दुसरा टाळता येत नाही.

टेस्ट लॅम्पचं तर बोलूच नका. १०० वॅटच्या बल्बचा स्वतःचा रोध ५७६ ओहम. अर्थिंग वाळून कोरडं पडलंय, रोध ५० ओहमवर गेलाय, तरी त्यात जेमतेम १९ व्होल्ट पडतात आणि बल्ब ठणठणीत पेटतो. "पेटला की, अर्थिंग झकास!" त्याच अर्थिंगवर बॉडीला फेज लागला तर पाच अँपिअरच्या आत करंट जाईल. एमसीबी दिवसभर पडणार नाही. अर्थ टेस्टर लावून रोधाचा आकडा घ्या, आणि तो पॅनेलच्या दारावर तारखेसकट लिहून ठेवा.

बाकीचे मुद्दे भराभर घेतो.

एमसीबी वायरला वाचवायला असतो. ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पाइपातून नेली की साधारण २५-३० अँपिअर सोसते. तिच्यावर ६३ चा एमसीबी टाकला तर आधी वायर जळेल. मोटर सुरू होताना सहा-सात पट करंट ओढते आणि त्याने नेहमीचा सी-कर्व्हचा एमसीबी कधी कधी पडतो, हे मान्य. त्याला त्याच रेटिंगचा, सुरुवातीचा झटका सोसणारा डी-कर्व्ह घ्या, मोटर मोठी असेल तर सुरुवातीचा करंट कमी करणारा स्टार-डेल्टा स्टार्टर घ्या. सुरू झाल्यावर मध्येच पडत असेल, तर दोष मोटरमध्ये शोधा.

फेज गेल्यावर मोटर फिरत राहते, खरंय. पण तेवढाच लोड ओढायला उरलेल्या दोन फेजमध्ये करंट साधारण पावणेदोन पट होतो. ५ एचपीची मोटर पूर्ण लोडला साडेसातच्या आसपास अँपिअर घेते, ती तेराला जाते. रीवाइंडिंगवाल्याला विचारा, वाइंडिंगचे ठरावीक गट काळे आणि बाकीचे स्वच्छ अशी मोटर आली की तो बघताक्षणी कारण सांगतो. प्रिव्हेंटर रीवाइंडिंगपेक्षा स्वस्त पडतो. मोटर जास्त करंट ओढू लागली की ती बंद करणारा ओव्हरलोड रिले मोटरच्या नेमप्लेटवरच्या अँपिअरला सेट करा. तो शेवटच्या आकड्यावर फिरवून ठेवलेला असतो, निम्म्या शेडमध्ये हेच दिसतं.

पाचर मारायचा सल्ला ज्याने लिहिला त्याने लेथवर काम केलेलं नाही. लाइट गेली की कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला चुंबकी स्विच) सुटतो आणि हिरवं बटण दाबेपर्यंत परत लागत नाही. तो त्रास नाही, तेच संरक्षण आहे. लाइट गेल्यावर माणूस काय करतो? चकमधला, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीतला, जॉब मोजतो, हाताने चक फिरवून बघतो, कधी चकची चावी तशीच राहते. पाचर असेल तर लाइट येताक्षणी चक फिरतो.

आणि उलटे फेज. मोटरला काही होत नाही, एवढं बरोबर. पण मोटर उलटी फिरते. ग्राइंडरच्या डाव्या व्हीलचं नट उलट्या आट्यांचं असतं, उजव्याचं सरळ, म्हणजे ठरल्या दिशेला फिरताना दोन्ही घट्ट होत राहतात. दिशा उलटली की तीच नटं सैल व्हायला लागतात. जुन्या लेथवर स्पिंडलच्या (फिरत्या दांड्याच्या) आट्यांवर बसवलेला चकही असाच सुटू शकतो. मीटर बदलला, केबल बदलली, खांबावर काम झालं, की ग्राइंडरची व्हील आणि लेथचा चक उतरवून ठेवा, बटण नुसतं टिचकी मारल्यासारखं दाबा आणि दिशा बघा. उलटी असेल तर मेन बंद करून स्टार्टरच्या कुठल्याही दोन फेजची अदलाबदल करा, आणि चढवायच्या आधी पुन्हा एकदा दिशा बघा.